म्हाळसा पाठीमागून सापडली

देव्हाऱ्यासाठी चांदीच्या पत्र्यावर घडवलेला देवाचा नवा टाक तबकातून उचलून काकूंनी डोळ्यांजवळ नेला, अंगठ्यानं चाचपला आणि विचारलं, "म्हाळसा कुठाय?"

कुणी काही बोललं नाही. चांदी चोख होती, घडण नेटकी होती, कडेची मण्यांची ओळ तर आखून काढल्यासारखी. खंडोबा घोड्यावर, हातात खड्ग, वर चंद्र-सूर्य. पण जिथं म्हाळसा बसायची तिथं खंडोबाच्या पाठीला एक ढाल लटकत होती, आणि घोड्याच्या मागच्या पायांशी कुत्र्याऐवजी दगडासारखं काहीतरी होतं. काकू म्हणाल्या, "देव चांगलाय. पण आमचा नव्हे." टाक परत तबकात गेला. चार दिवसांनी मला फोन आला, जुन्या टाकावरून सोनारासाठी नीट चित्र काढून द्याल का म्हणून.

घर दांडिया बाजारातलं. गायकवाडांच्या चाकरीत पूर्वज इकडे आले आणि बडोदेकर होऊन गेले, अशा अनेक मराठी घरांतलं एक. काका गेल्यावर दोघे भाऊ वेगळे झाले. थोरले जुन्याच घरात काकूंबरोबर राहिले, धाकटे गोत्रीला फ्लॅटमध्ये गेले. भांडीकुंडी, दागिने, अगदी दिवाणखान्यातल्या दोन हंड्यासुद्धा कुरबुर न होता वाटल्या गेल्या. राहिले टाक. ते रिवाजाप्रमाणे थोरल्याकडे राहतात, धाकट्यानं आपल्या घरी नवे करून घ्यायचे. पाचांपैकी चार सहज झाले. कुलदैवताचा टाक सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत झिजलेला. तो धाकट्यांना चंपाषष्ठीच्या आत हवा होता, आणि तोच बिघडला.

बिघडवला तो घडवणाऱ्या सोनीभाईंनी, असं घरात सगळ्यांचं मत होतं. मला ते पटलं नाही. त्यांना दिलं काय होतं? मोबाईलवरचा एक फोटो, तोही ट्यूबलाईटखाली काढलेला. त्यात घोडेस्वार कळत होता, पण त्याच्या मागचा भाग म्हणजे नुसता एक गुळगुळीत उंचवटा आणि खाली आणखी एक. झिजलेला उंचवटा बघणाऱ्याला हवा तसा दिसतो. त्यांनी पहिल्यात ढाल पाहिली, दुसऱ्यात दगड, आणि उरलेलं भिंतीवरच्या कॅलेंडरवरून भरलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. पहिल्या दिवशी केलंच जवळजवळ, ते पुढे सांगतो.

मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. त्याआधी इथल्याच ललित कला विभागात शिकलो. हा विभाग १९५० सालचा. पण बडोद्यात हाताच्या कामाचं शिक्षण त्याच्याही कितीतरी आधीचं आहे, सयाजीराव महाराजांचं कलाभवन १८९० सालचं. वस्तुचित्राच्या तासाला मुलांसमोर तांब्या, समई, घंटा मी किती वेळा मांडली असेल याचा हिशेब नाही. तांब्या काढायची रीत ठरलेली: मधून आस टाका, गळ्याशी आणि पोटाशी लंबगोल काढा, दोन्ही बाजू जुळवा. गोल वस्तू स्वतःच सांगते ती कशी झाली. टाकाचं तसं नाही. तो ना मूर्ती, ना चित्र. तो एक पत्रा आहे, आणि त्याला मागून ढकलून पुढे आणलेलं आहे. हे मला तोंडानं सांगता येत होतं. हाताला कळायला तीन दिवस लागले.

काकूंच्या अटी स्पष्ट होत्या. टाक घराबाहेर जाणार नाही. आंघोळ केल्याशिवाय हात लावायचा नाही. सकाळची पूजा आटोपली की मिळेल, दिवेलागणीला परत देव्हाऱ्यात. आणि देवाच्या अंगावर मेण, प्लास्टर, साबण कसलाच साचा घ्यायचा नाही. नातवानं मोबाईलवर तीनशे फोटो काढून संगणकात त्रिमिती आकार करायचा प्रयत्न आधीच केला होता. चकचकीत चांदी प्रत्येक कोनातून वेगळीच दिसते, त्यामुळे त्या प्रणालीला कुठला ठिपका कुठल्या ठिपक्याशी जुळवायचा तेच कळेना. पडद्यावर जे आलं त्याला काकूंनी "कांद्याची भजी" म्हटलं, आणि खरंच तसंच दिसत होतं ते.

आधी मापं. उंची ७ सेंटीमीटर, रुंदी साडेपाच, वरचे कोपरे गोलावलेले. वजन १८ ग्रॅम. चांदीचं एक घन सेंटीमीटर साडेदहा ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे इथं धातू आहे साधारण १.७ घन सेंटीमीटर. उंचवट्यांसकट पृष्ठभाग ३८ चौरस सेंटीमीटर धरला तर पत्र्याची सरासरी जाडी ०.४५ मिलिमीटर येते, पोस्टकार्डाच्या जेमतेम दुप्पट. हा आकडा मी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आणि दोन दिवस विसरलो.

पहिल्या दिवशी मी छायाप्रकाशाचं चित्र काढलं. खिडकीपाशी बसून, एचबी आणि टूबी पेन्सिलींनी, तिप्पट आकारात, चौकटी आखून. संध्याकाळपर्यंत छान चित्र झालं. थोरल्या वहिनी म्हणाल्या, फ्रेम करण्यासारखं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते टाकाशेजारी धरलं तर घोड्यावर मी जे खोगीर काढलं होतं ते टाकावर नव्हतंच. समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब घोड्याच्या पाठीवर पडलं होतं आणि मी ते गजांसकट मन लावून काढलं होतं. चांदीवर सावली कमी आणि खोलीच जास्त दिसते. तो कागद मी गुंडाळून ठेवला.

चमक मारायला बटर पेपर लावून उजेड मऊ करायचा विचार चालू होता, तेवढ्यात काकू भंडाऱ्याची वाटी घेऊन आल्या. पूजा झाली तरी देवाला भंडारा वाहायचा राहिला होता. त्यांनी चिमूटभर हळद टाकावर उधळली, "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणाल्या आणि जास्तीची भुकटी पदराच्या टोकानं हलकेच टिपली. उंचवट्यांवरची हळद निघाली, खोलगटातली राहिली. आणि घोड्याचा लगाम, खंडोबाच्या कमरेचा शेला, खड्गाची मूठ असं एकेक पिवळ्या रेघेत उमटत गेलं. चमकही मेली. याच कामाला दुकानातून काही पावडर आणावी का, असा विचार मी आदल्या रात्री केला होता आणि काकूंना विचारायची हिंमत झाली नव्हती. पुढचे दोन दिवस आम्ही हेच केलं. देवाला भंडारा चालतोच.

पण म्हाळसेच्या जागी भंडाऱ्यानंही काही दाखवलं नाही. तिथं खोलगट उरलाच नव्हता.

असं का, याचं उत्तर काकूंच्या हातात निघालं, शब्दशः. खंडोबाच्या छातीवरची आणि घोड्याच्या गळ्याखालची झीज समजण्यासारखी आहे. तो भाग सगळ्यांत उंच, घासणारा हात आधी तिथंच लागतो. म्हाळसेचा उंचवटा त्यापेक्षा बराच बसका, मग तो इतका सपाट का? मी काकूंना म्हटलं, देव घासता कसे ते दाखवा. त्यांनी टाक डाव्या हातात धरला आणि उजव्या हातानं घासायचा आविर्भाव केला. डाव्या हाताचा अंगठा बरोबर म्हाळसेवर टेकला होता. खालून आधार देणारं मधलं बोट कडेवरून वळून कुत्र्यावर. राख, रांगोळी, चिंच, अलीकडची भांड्याची पावडर, जे काही असेल ते त्या अंगठ्याखाली सरकत राहिलं. काकूंनी सासूबाईंचं बघून तसं धरलं, त्यांनी त्यांच्या सासूबाईंचं बघून. घासण्यानं खंडोबा झिजला आणि धरण्यानं म्हाळसा. काकूंनी अंगठा उचलला, तिथं थोडा वेळ पाहिलं आणि काही न बोलता टाक माझ्याकडे दिला.

तेव्हा मला कोपऱ्यातला आकडा आठवला. पोस्टकार्डाच्या दुप्पट जाडीचा पत्रा. त्याच्या पुढे जो डोंगर तो मागे खड्डा असणारच, आणि घासणारे हात पुढूनच लागलेले आहेत. पाठ कुणी घासत नाही.

पाठ मात्र दिसत नव्हती. जुनं गंध, कुंकू, तूप, उदबत्तीची राख यांचा काळा थर खड्ड्यांत भरून घट्ट झालेला. तो काढायला मी हात लावला नाही. काकूंनीच रिठ्याच्या कोमट पाण्यात टाक अर्धा तास ठेवला आणि तान्ह्या बाळाच्या केसांच्या मऊ ब्रशनं दोन-तीनदा फिरवलं. पाणी चहासारखं झालं आणि पाठ मोकळी झाली.

पाठ काढताना एक अडचण येते. खड्डे बघत राहिलं की डोळा मध्येच पलटी मारतो आणि खड्ड्याचा डोंगर दिसायला लागतो. उजेड वरूनच येणार असं डोळ्यानं गृहीत धरलेलं असतं. मी हीच खोड कामाला लावली. टेबललॅम्प खालच्या बाजूनं, टाकाच्या पायथ्याकडून ठेवला. लगेच सगळे खड्डे उंचवट्यांसारखे दिसू लागले आणि उलट्या बाजूचा, आरशातला खंडोबा समोर उभा राहिला, न झिजलेला. तोच मी ट्रेसिंग पेपरवर काढला आणि कागद पालटला.

म्हाळसेच्या जागी एक खड्डा नव्हता, दोन होते. वरचा वाटाण्याएवढा गोल, खालचा लांबट, मध्ये बारीकसा बांध. डोकं आणि धड. खंडोबाच्या पाठीपासून त्यांना वेगळं करणारा आणखी एक बांध होता, तो पुढच्या बाजूनं पार झिजून गेला होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लांबट खड्ड्याच्या तळाशी पाच बारीक, तिरप्या, उठलेल्या रेघा होत्या. पत्र्यावर पुढून छिन्नीनं रेघ बसवली की धातू कापला जात नाही, दबतो, आणि मागे तेवढीच वरंबी उठते. पुढची रेघ अंगठ्यानं पुसली, मागची वरंबी राहिली. पाच तिरप्या रेघा म्हणजे लुगड्याच्या निऱ्या. ढालीला निऱ्या नसतात.

काकूंना भिंग दिलं. त्यांनी बराच वेळ लावला. मग नातवाला हाक मारली, "अरे, आजोबांच्या फोटोला सांग, सापडली म्हणून."

दगडाचाही निकाल त्याच दिवशी लागला. तिथं मागे तीन खड्डे होते: एक आडवं पडलेलं डोकं, एक वाकडी मांडी, आणि तिला भिडलेलं टोकदार तोंड. खाली पडलेला दैत्य आणि त्याची मांडी धरलेला कुत्रा. तो मणी की मल्ल, यावर दोन्ही भावांत अर्धा तास चर्चा झाली. चित्राला त्याचा उपयोग नव्हता, पण दोघे इतका वेळ एकत्र बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

आणखी एक गोष्ट पाठीनं सांगितली. असे टाक पुष्कळदा ठशावर पत्रा ठेवून, वरून शिसं ठोकून काढतात. त्यात पाठ सगळीकडे सारखी मऊ असते. इथं खड्ड्यांच्या भिंतींवर बोथट हत्याराचे स्वतंत्र घाव दिसत होते, एकावर एक. म्हणजे पत्रा राळेवर बसवून हातानंच उठवलेला. कुठला घाव आधी, कुठला नंतर, हेही दिसतं. नंतरचा आधीच्याची कड मोडतो. घोड्याचं पोट आधी, मग छाती, मग स्वार, आणि म्हाळसा सगळ्यांत शेवटी, उरलेल्या जागेत. मीही मग त्याच क्रमानं चित्र काढलं. पोटापासून सुरुवात केल्यावर घोड्याची मान जी तीन वेळा चुकली होती ती चौथ्यांदा सरळ बसली.

राहिली उंची. कुठला भाग पत्र्यापासून किती वर आलाय, हे पुढून बघून सांगता येत नाही, आणि साचा घ्यायचा नव्हता. इथं ऊन कामाला आलं. दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. गच्चीत पाटावर टाक ठेवला, शेजारी पेन्सिल उभी केली आणि तिची सावली तिच्याच लांबीएवढी होईपर्यंत थांबलो. साडेदहाच्या आसपास ती वेळ आली. त्या वेळी ऊन ४५ अंशांत असतं. दोन ठोकळ्यांवर काळा दोरा ताणून टाकावरून आडवा नेला, उन्हाच्या दिशेला काटकोनात. सपाट जागी दोऱ्याची सावली सरळ पडते. उंचवट्यावर चढताना ती दोऱ्याच्या बाजूला सरकते, आणि या कोनात जितकी सरकते तितकीच तिथली उंची. सरकलेलं अंतर कंपासपेटीतल्या दुभाजकानं घेतलं. घोड्याची छाती साडेचार मिलिमीटर, खंडोबा साडेतीन, म्हाळसा दोनच्या आत, कुत्रा एक. अर्ध्या मिलिमीटरची चूक धरून चाला. हाताशी वेळ असतो दहा-पंधरा मिनिटं, मग ऊन कोन सोडतं. तीन सकाळी तीन छेद घेतले.

मधल्या एका दुपारी नातवाला घेऊन मी सयाजीबागेतल्या संग्रहालयात गेलो. हे १८९४ सालचं. तिथं आकोट्याला सापडलेल्या जैन धातुमूर्ती आहेत. तो एकूण साठा ६८ मूर्तींचा, आणि कलेतिहासकार उमाकांत शहांनी त्यावर केलेलं काम १९५९ साली छापून आलं. मला त्याला एवढंच दाखवायचं होतं की मेणाच्या साच्यातून ओतलेली अशी मूर्ती बहुधा आतून भरीव असते, तिचं चित्र मधल्या आसापासून बाहेर काढायचं. टाकाला आस नाही, त्याचं चित्र पत्र्याच्या पातळीपासून वर आणि खाली. त्यानं चामरधारिणीपाशी वही काढली आणि तासभर उठला नाही. त्याचं चित्र माझ्यापेक्षा बरं आलं, हे इथं लिहून ठेवतो.

शेवटचा कागद असा झाला: पुढची बाजू, पाठ, तीन छेद, आणि घडणीचा क्रम आकड्यांनी. पुढून दिसलेली रेघ अखंड. पाठीवरून कळलेली रेघ तुटक. दोन्हीकडून न कळलेली जागा कोरी. कोरी जागा एकच होती, खंडोबाचा चेहरा. तिथं पुढची झीज इतकी की टाक उजेडावर धरला तर सुईच्या टोकाएवढे दोन ठिपके आरपार दिसतात. मागे नुसता गुळगुळीत खड्डा. धाकटे म्हणाले, "सर, तेवढा भरून टाका, तुम्हाला काय अवघड आहे?" अवघड नव्हतंच. पण मी भरला असता तर सोनीभाईंनी मन लावून माझीच कल्पना चांदीत उतरवली असती आणि दोन पिढ्यांनी तोच घराण्याचा मूळ चेहरा ठरला असता. काकूंना सासूबाईंकडून ऐकलेलं आठवत होतं: डोळे वटारलेले, मिशा गालापर्यंत. ते मी चित्रात नाही, समासात शब्दांत लिहिलं.

सोनीभाईंकडे कागद घेऊन मीच गेलो. जुनी चूक काढायला आलोय असं त्यांना वाटू नये म्हणून आधी चहा झाला. त्यांनी पुढची बाजू बाजूला सारली आणि पाठीचं चित्र हातात घेतलं. "आ बरोबर छे," म्हणाले. पुढची बाजू फक्त बघायला असते, काम मागून सुरू होतं, आणि गिऱ्हाईक त्यांना मागची बाजू कधीच देत नाही. क्रमाचे आकडे त्यांनी न विचारता बोटानं वाचले आणि एका ठिकाणी हसले. कडेचे मणी मी दुभाजकानं सारखे पाडून चौसष्ट काढले होते. पाठीच्या चित्रावर मोजले तर एकसष्ट भरत होते. डाव्या खालच्या कोपऱ्यात शेवटचे पाच-सहा मणी एकमेकांना खेटून दाटलेले. कारागीर तिथून निघाला, पूर्ण फेरी मारून तिथंच आला आणि जागा कमी पडली. पाठ काढताना मी ती दाटी इमानानं काढली होती आणि पुढच्या बाजूला नीटनेटकेपणाच्या सवयीनं सारखी करून टाकली. एकाच कागदावर दोन वेगवेगळे टाक.

नव्यात दाटी ठेवायची का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. ती त्या माणसाच्या हाताची होती. त्यांनी आपले अठ्ठावन्न मणी बसवले. बिघडलेल्या पहिल्या टाकाची पूजा झालेली नव्हती, त्यामुळे तो वितळवून त्याचीच चांदी यात घेतली.

दुसरा टाक कार्तिकात आला. चेहरा सोनीभाईंनी आपल्या मनानं केला, डोळे वटारलेले, मिशा गालापर्यंत, आणि थोडासा त्यांच्या स्वतःच्या मोठ्या भावासारखा, असं मला वाटलं. धाकट्या वहिनींनी तो काकूंच्या हातात दिला. काकूंचा डावा अंगठा सवयीनं त्याच जागी गेला आणि पटकन उचलला गेला.

"टोचतेय," त्या म्हणाल्या, आणि टाक दोन्ही कडांनी धरला.